पारोळ्याच्या स्टँडवर

सुपडू चहावाल्यानं मूठ पुढे केली.
"दोन नाणा. बेरीज सात.
त्यामा एक पाचनं नही शे. सांग, भो."

चहावर साय धरली.
मी एक अन् सहा करून पाहिले,
पण सहाचं नाणं कोण पाडतं?
बंद पडलेल्या आठाण्यांनाही उठवलं.
सुपडू ग्लास विसळत राहिला,
एकदाही हसला नाही.

अमळनेर गाडी लागली.
कपाशीच्या रानात कंडक्टरनं सुटे दिले:
तळहातावर दोनाचं,
त्याला खेटून पाचाचं.

एक पाचाचं नाही.
खरंच की, एकच नाही!
मी मघापासून दोघांनाही हाकलत होतो.

मागच्या काचेत नुसता फुफाटा.
सुपडूला आता कोण सांगणार?

शेजारी एक पोरगं
खिडकीच्या गजाला दात लावून बसलेलं.
मी मूठ मिटली.