खिशातले हात

तस्मिया, तू गोलात उभी आहेस
आणि माझे हात खिशात.
दोन्ही. मुठी वळलेल्या.
बाहेर काढले तर ते तुझ्याआधी चेंडूकडे जातील.
चेंडू नाही, चकती.
बावीस वर्षं झाली, तोंडात अजून चेंडूच येतो.

एप्रिल. सकाळचे सात, आणि सिमेंट आत्ताच तापलंय.
बंद गिरणीचं अंगण,
भोंग्याच्या खांबावर घारीचं घरटं,
चाकांच्या बुटांवर वळताना रेवणसिद्ध
दोन्ही हातांनी हवा धरतो.
काल एक रिक्षावाला कुंपणापाशी थांबला,
‘काय शिकवालास बे पोरांना?’
म्हटलं, आइस हॉकी.
तो पोट धरून हसला.
मग रिक्षा बंद करून अर्धा तास बघत बसला.

मी कसा शिकलो?
फौजेत गेलो, लेहला पाठवलं,
तलाव गोठलेला, गोलरक्षक तापाने फणफणलेला.
मला बुटांवर धड उभंही राहता येत नव्हतं,
म्हणून गोलात उभं केलं.
एवढंच.

पण पहिल्या दिवशी सात अडवल्या.
का, ते मला ठाऊक होतं. कोणाला सांगितलं नाही.
दत्त नगरात आमचं घर : खाली माग, वर आम्ही.
नायनांच्या मागावर धोटा डावीकडून उजवीकडे,
उजवीकडून डावीकडे, मिनिटाला शंभरावर खेपा,
आणि मी, सात वर्षांचा, कांड्यांची टोपली घेऊन बसलेला.
नायना म्हणायचे,
धोट्याकडं बघू नको, डोळे फुटतील.
मारणाऱ्या दांड्याकडं बघ.
धोटा निघणार हे त्याला आधी कळतं.

तेरा हिवाळे मी दांड्यांकडे बघितलं.
हिशेब सांगतो : एक पितळी पदक,
दोन दात, डाव्या गुडघ्यात पाणी,
आणि उपांत्य सामन्यात पायांमधून गेलेली ती एक,
जी अजून कधी कधी रात्री तीनला येते.

मग स्टॅन्झिन आला, एकोणीस वर्षांचा.
त्याला नाड्या कशा आवळायच्या ते मीच दाखवलं.
पुढच्या हिवाळ्यात गोलात तो, बाकावर मी.
त्या दिवशी पहिल्यांदा हात खिशात घातले.
बाजूचा म्हणाला, थंडी फार आहे.
मी हो म्हणालो.

तुझ्या पायांना बांधलंय ते पॅड नाही,
फाटकी चादर आहे, घट्ट गुंडाळलेली.
मोर तेवढा बाहेर राहिला, गुडघ्यावर.
चकती टायरची, अशोक चौकातल्या पंक्चरवाल्याने कापून दिलेली.
ती खरबरत येते, उड्या मारते, कधी चाकासारखी उभी राहून घरंगळते.
खरी अशी येत नाही. म्हणून तर तू विचारलंस,
सर, बर्फावर कशी जाते?

तुम्हा सगळ्यांना बर्फाच्या कारखान्यात नेलं होतं.
मालकाने लादीवरचा भुसा धुऊन दिला,
अंजम्माने चकती ढकलली,
आणि ती गेली. नुसती गेली.
बाकीचे ओरडले. तू म्हणालीस,
‘सर, आवाजच नाही.’
तेच, तस्मिया. तिकडे मला तेच जड गेलं होतं.
आवाजाच्या घरातला मी,
पहिले सहा महिने झोप नव्हती.

रेवणसिद्ध येतोय. दांडा मागे घेतला.
तुझी नजर दांड्यावर.
चकतीवर नाही. दांड्यावर.

हे मी तुला अजून सांगितलेलं नाही.
पुढच्या महिन्यात सांगणार होतो.
तुमच्या घरात माग नाही, अम्मी विड्या वळते.
मग हे कुठून आलं?

उशीर झाला. चकती आत.
गोल म्हणून मांडलेल्या खुर्च्यांतली एक आडवी झाली,
रेवणसिद्ध नाचतोय, आणि पडतोय.
तू माझ्याकडे बघतेस.
खिशात घाम आलाय.

‘परत,’ मी म्हणतो.