तीन पेड

खसबच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा
समुद्र सारवलेल्या अंगणासारखा सपाट होता.
ह्याची टोपी नवी, लेबल अजून आत.
तीन दिवस, दोन रात्री, शिडाची होडी;
डॉल्फिन दिसतीलच, असं कागदावर छापलेलं.
शारजातल्या बाविसाव्या वर्षी
पहिल्यांदाच आम्ही रजा घेतली होती
कुणाच्या लग्नासाठी नव्हे, मुंजीसाठी नव्हे,
कुणी आजारी म्हणूनही नव्हे.

डॉल्फिन दिसले, नाही कशाला म्हणू.
पाच होते, की दोनच पुन्हा पुन्हा.
ह्याने ब्याऐंशी फोटो काढले,
सगळे पाण्याचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याने कूस बदलली.
नाखवा खमीस काही बोलला नाही,
डोंगराकडे बघत त्याने
खजुराची बी पाण्यात थुंकली.
मी चहाचा कप घेऊन उभी होते,
फोटोसाठीच, खोटं कशाला बोला.
शीड फडफडलं, आडवी काठी आली,
घाईतल्या माणसाने जिन्यात बाजूला सारावं तशी,
आणि उजव्या मनगटात, आत कुठेतरी,
शेवग्याची कोवळी शेंग मोडली.

कप फुटला नाही.
तेच मला जास्त लागलं.

हात बांधला इलियासने.
दाभोळचा, परकारांचा मुलगा,
नऊ वर्षं ह्याच पाण्यावर.
भाताचे दोन लाकडी डाव, धुऊन आणलेले,
आणि डोक्यावरचा स्वतःचा रुमाल.
"वैनी, बोटं हलतायत ना? मग काय नाय."
इतका वेळ रडले नव्हते,
त्या 'नाय'ला रडले.

मग शमाल.
खाडीत नांगर टाकून बसलो.
तीन बाजूंना डोंगर, पान नाही, गवत नाही,
चुलीवरून उतरवलेल्या तव्यांसारखे,
चौथ्या बाजूने वारा,
कुठल्या कुठल्या देशांची धूळ घेऊन.
खमीस रेडिओवर बराच वेळ बोलला,
आम्हाला एवढंच म्हणाला, उद्या, इन्शाल्ला.
त्या 'उद्या'त किती दिवस मावतात
हे बावीस वर्षांत आम्हाला कळलंय.

रात्री केस सुटले.
मिठाने चिकट, तोंडात, डोळ्यांत, दाताखाली कचकच.
डाव्या हाताने काय होणार.
थांब, म्हणाला हा, आणि कंगवा घेतला.
गोदामातल्या चारशे खोक्यांचे नंबर पाठ असलेला माणूस
माझ्या पाठीमागे बसून
ओलं फडकं पिळावं तसे केस पिळत होता.

इलियास हसला नाही.
दोराचा एक तुकडा आणला,
त्याचे पेड सोडवून ह्याच्या गुडघ्यावर ठेवले.
"सायेब, डावा मधल्यावरून. आता उजवा मधल्यावरून.
घट्ट धरा, पण खेचू नका."
कंदील झोके घेत होता.
शेवटच्या दोन गोळ्यांतली एक घेऊन
मी दोघांची डोकी बघत पडले:
एकाला टक्कल, एक बोडका, रुमाल माझ्या हाताला.
ह्याने तो दोर चारदा विणला, चारदा उसवला.
मग माझ्याकडे आला, बोटांना काथ्याचा वास.

आई घालायची तशी नव्हती.
मी लेकीला घालायचे तशी तर नव्हतीच.
होडी बांधून ठेवता आली असती
अशी वेणी.
रबर नव्हतं,
म्हणून टोकाला खलाशाची गाठ.

चौथ्या दिवशी गस्तीची बोट आली.
टोपी वाऱ्याने नेली होती, लेबलसकट.
कंपनीने एका दिवसाचे पैसे परत केले,
ज्या दिवशी डॉल्फिन दिसले, नेमके त्याच दिवसाचे.
इलियासचा पत्ता घ्यायचा राहिला;
रुमाल धुऊन, इस्त्री करून
कपाटात आहे, दोन महिने झाले.

खसबच्या इस्पितळात
कोट्टायमची नर्स वेणी हातात धरून म्हणाली,
ही कुणी घातली?
हा फॉर्म भरत होता, वर बघितलं नाही.
तिने गाठ सोडवून पाहिली, नखाने, मग सुईने.
ह्यालाही सुटेना.
बांधायला शिकला होता, सोडवायचं
इलियासने सांगितलंच नव्हतं.

कात्री नको, म्हटलं मी.
राहू दे.