स्रोतांचा क्रम

सेटिंगमध्ये शिरलं की ते आधी विचारतं :
माहिती कुठून आणू?
खाली सात चौकोन, सगळ्यांत आधीच बरोबरच्या खुणा,
जणू दारात येईल त्याला
आपण कधीच हो म्हणून ठेवलंय.

करावे गाव, समाजमंदिराच्या वरची खोली.
दोन टेबलं, एक स्कॅनर, पंखा एकाच वेगाचा
आणि बाराशे चाळीस फायली,
ज्यांची नावं म्हणजे नुसते आकडे.
किल्ली निनाद आणतो. मी दर रविवारी नेरूळहून चालत येते.
बटण दाबलं आणि चहाला खाली उतरलो.

वर आलो तोवर
नऊशे पुस्तकांना मुखपृष्ठं चढली होती.
लांबून पाहिलं तर शाबासकीचं काम.
जवळून :
भातशेतीच्या पुस्तकावर बिर्याणीचा हंडा,
वातविकारांच्या पोथीवर कुणी गोरा जलतरणपटू,
एका लेखिकेचा जन्म
तिच्या पहिल्या कादंबरीनंतर अकरा वर्षांनी.
ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका.
ठाऊक नसेल तर गप्प बसावं
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
आमच्या वर्गातही होती अशी मुलं,
हात आधी वर, प्रश्न मागाहून.

मग एकेक खूण काढत बसले.
विद्यापीठाची यादी सगळ्यात वर : हळू येते, पण थापा मारत नाही.
दुकानाचं संकेतस्थळ फक्त मुखपृष्ठापुरतं;
सारांश नको, तिथलं प्रत्येक पुस्तक
हातातून खाली ठेववत नाही म्हणे.
हौशी वाचकांनी भरलेलं ते तिसरं.
शेवटी एकटीच ओळ :
‘आधीची माहिती पुसून नवी लिहा’.
ती खूण काढताना निनाद म्हणाला, ताई,
मग जुने घोळ तसेच राहतील.
राहू देत म्हटलं. ते निदान आपले आहेत.

फाईल सहाशे बारा.
‘खाडीतल्या जागा’. हसुराम कान्हा तांडेल.
स्वतःच छापलेलं, चौसष्ट पानं, दीड रुपया,
पाठीवर आकड्यांच्या रेघा नाहीत.
वर्तुळ सात वेळा फिरलं
आणि सात वेळा थांबलं : काही सापडले नाही.
दिवसभरात पहिल्यांदा
मला त्या यंत्राबद्दल आदर वाटला.

आत खाजणाच्या एकेका बांधाचं नाव.
निवट्या कुठे, चिंबोरी कुठे,
थोरली उघाडी कुणी राखायची, कुठल्या भरतीला.
पोरीचा खांड. आंधळी खोच. सतराजणांचं शेत.
आज तिथे सेक्टर अठ्ठेचाळीस, पन्नास,
पन्नास जुना, पन्नास नवा.
इथेही कधीतरी कुणी बटण दाबलं असणार
शेवटची खूण न काढता.

विषय निवडा : भूगोल, प्रवास, छंद.
भाषा निवडा : मराठी. बरं, मराठी,
पण पान वीसपासून पुढे ती चप्पल काढून
चिखलात उतरते, त्याला चौकोन नाही.
साल?
पहिलं पान वाळवीने वाचलंय.
निनादने हसुरामच्या लेकीला फोन लावला.
हिराबाई, सीवूड्सचा मासळीबाजार, तिसरा ओटा.
पलीकडे कोयता पडत होता.
“पयला बुलडोझर आयला ना,
त्याचे आदले शिमग्याला.
आता ठेव, गिऱ्हाईक हाय.”

तसंच लिहिलं.
फक्त चार आकडे लिहा, असं लाल अक्षरांत आलं.
चौकोन रिकामा सोडला,
आणि शेऱ्यात तिचं वाक्य, अनुस्वारासकट.

मग स्रोतांच्या यादीत आठवी ओळ जोडली.
नाव : हिराबाई तांडेल.
पत्ता म्हणून दुवा मागत होतं, फोन नंबर घातला.
क्रम : एक.
‘जोडणी तपासा’ दाबलं.
वर्तुळ फिरत राहिलं, निनाद खिडक्या लावून आला
तरी फिरतच होतं,
मग उमटलं : समोरून प्रतिसाद नाही.

नसणारच. रविवार आहे,
आणि तिने सांगितलं होतं, गिऱ्हाईक आहे.