शुद्धिपत्र

शेवटची तारीख एकतीस मार्च, सायंकाळी पाच.
याआधीची मुदतवाढ शेवटची होती,
तिच्या आधीचीसुद्धा.

सहा वर्षं मी सोलापुरात वेळ शोधत हिंडले.
गिरण्यांचा भोंगा थांबल्यावर ती गेली कुठं,
कुणाच्या चुलीपाशी, कुणाच्या सुपात विडीच्या पानांखाली.
आता माझ्याचकडं उरलेत एकोणीस तास.

रात्री पाणी आलं, पाचव्या दिवसाचं.
एका हातात पाइप, दुसऱ्या हातात संदर्भसूची.
ड्रम भरेस्तोवर ‘प’ संपला, ‘फ’ संपला,
‘ब’ वर घागर सांडली.
पहाटे तीनला फाइल पाठवली,
आणि सकाळी विजापूर वेशीत नदाफ बाइंडर
पाच प्रती मांडीवर घेऊन शिवायला बसले.

साडेअकराला बिराजदार मॅडमचा मेसेज:
‘पृष्ठ १४२ वरचं अवतरण एकदा विचारून घ्या.
फार सुंदर आहे.’
सुंदर म्हणजे संशय,
एवढं तरी मी सहा वर्षांत शिकले.

‘भोंगा बंद पडला त्या दिवशी माझा भात करपला.’
नरसूबाई येमूल, वय अठ्ठ्याहत्तर, मुलाखत सतरावी.
अख्खं चौथं प्रकरण त्या भातावर उभं.

फोन नातवानं उचलला, मग ती आली.
‘कोण? उन्हात आलतीस ती पोरगी का?
अगं, आमच्या गल्लीत कुठला भोंगा ऐकू येतोय!
घरोघरी माग, रातदिस खटखट.
तू एवढं लांबनं ते रेकॉर्डिंगचं घेऊन आलतीस,
तुला मोकळं कसं पाठवायचं?
घरात साखर नव्हती. म्हणून ते दिलं.’

मी विचारलं, मग वेळ कशावरनं कळायची?

‘अत्तम्माच्या खोकल्यावरनं.
पहिला खोकला चार.
दुसऱ्याला मी चूल पेटवायची.
ती गेली, नि वरीसभर मला जागच येईना.’

लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.
हे तरी खरं का, ते विचारलं नाही.
हिंमत नव्हती. वेळही.

‘आता उसवायला लावू नका मॅडम,’ नदाफ म्हणाले,
‘चौथं प्रकरण पोटात गेलंय, वर सोनं ओलं आहे.’
मग सुई तोंडात धरून थोडा विचार केला.
‘चिठ्ठी चिकटवा की.
लग्नपत्रिकेत नवऱ्याचं नाव चुकलं
तर आम्ही तेच करतो.’

शेजारच्या झेरॉक्समध्ये छापली, एका कागदात पाच:
*शुद्धिपत्र. पृष्ठ १४२, ओळ ११.
‘भोंगा’ ऐवजी ‘खोकला’ वाचावे.*

प्रकरणाचं नाव भोंगाच राहिलं.
निष्कर्षात तो आणखी सात वेळा वाजतो,
त्याला मी हात लावला नाही.

केगावच्या रस्त्याला रिक्षा, एक्केचाळीस डिग्री,
मांडीवर काळं रेक्झिन तापलेलं.
नदाफांनी डबीत खळ दिलेली.
खळीवर माझी दोन पानं आहेत, प्रकरण दुसरे:
ताण्याच्या सुताला देतात, मागावर तुटू नये म्हणून.
ते लिहिताना बोट कधी बुडवलं नव्हतं.
चौथ्या प्रतीतली चिठ्ठी गतिरोधकावर तिरकी बसली.

विभागात उडाणशिवे नावाचे कारकून.
त्यांनी प्रत उघडली ती नेमकी तिथंच.
‘खोकला?’
‘हो.’
माझ्याकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं,
पुढं काही विचारलं नाही. शिक्का मारला.
चार एक्कावन्न.
भिंतीवरच्या घड्याळात पाच दहा झालेले.
‘ते पुढं आहे,’ म्हणाले, ‘त्याचं मनावर घेऊ नका.’

बाहेर रिक्षावाला थांबलेला.
मी पन्नासची नोट काढून दिली,
त्यानं धरली,
आणि खळीनं ती
ना माझ्या बोटांतून सुटेना, ना त्याच्या.