नोंद घेतली नाही

दुपारी दोनला लक्ष्मीनगरात कुलरशिवाय कोणी बोलत नाही.
मी टेबलाशी बसतो, अंगात बंडी,
कोऱ्या कागदावर सवयीनं आकडा टाकतो: १.
मग खोडतो.
गोष्टीला परिच्छेद क्रमांक नसतात
हे निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी कळलं.

बर्डीवर टेंभेकर वकिलांच्या ऑफिसात
दोन उन्हाळे त्यांची बॅग धरली, तारखा घेतल्या,
पानठेल्यावर अशिलांची वाट पाहिली.
ते म्हणाले, "वकिली म्हणजे वाट पाहणं, बाबू.
फौजेत निदान पगार एक तारखेला होते."
गेलो.
काळा कोट उतरवून हिरवा चढवला,
आतलं अस्तर तेच.

सव्वीस वर्षं.
गोळी झाडली ती वर्षातून एकदा, कागदी माणसावर.
बाकी सगळं शाईनं.
मेसमध्ये पोरं मला पंडितजी म्हणून हसायची
आणि रात्री उशिरा, एकेकटी, दार वाजवून
गावाकडच्या वाटणीचे कागद वाचून घ्यायची.

मुलगी म्हणते, बाबा, युद्धाच्या आठवणी लिहा.
कोणत्या युद्धाच्या?
मला एक बराक आठवते, बारामुल्लाच्या वर, डिसेंबर,
बुखारीत रॉकेल संपत आलेलं.
शिपाई खेमराज उईके, तालुका रामटेक,
आरोप: पहाऱ्याची जागा सोडली.
टोपी नाही, पट्टा नाही.
आरोपीला तसंच आणतात, नियम आहे.
काही सांगायचं आहे का, विचारलं
तेव्हा तो बराच वेळ माझ्या पेनाकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, हिंदीत नाही, आपल्या इकडच्या बोलीत:
"साहेब, टोपीबिगर डोकशाले लय थंडी लागून राहिली."

त्या खोलीत हे फक्त मला समजलं.
टायपिस्टची बोटं थांबली. क्या लिखूँ, साहब?
मी म्हणालो, अप्रस्तुत आहे.
लिही, आरोपीला काही सांगायचे नाही.

शिक्षा योग्य होती. वर गेली, तिथंही टिकली.
आज विचाराल तर तोच सल्ला देईन.

पण पाच वह्या झाल्या
आणि उईके अजून दारातच उभा आहे.
त्याचा सेवाक्रमांक पाठ आहे मला, शेवटच्या अक्षरासकट.
कान कसे होते, आठवत नाही.
जन्मभर 'सदर इसम' लिहिला,
सदर इसमाला कान नसतात.

मंदाकिनी डोकावते. "काय लिहून राहिले?"
"थंडी."
"ह्या शेहेचाळीसात?"
हसते, आणि मी बाहेर निघालो म्हणून
खिशात कांदा ठेवते, डोक्याला दुपट्टा बांधून देते.

कोपऱ्यावर कोणी नव्हतं.
दुपट्टा सोडला, उघड्या डोक्यानं चौकापर्यंत चाललो.
रसवंतीवाल्यानं पाल्याखालून हाक मारली,
"काहून बे काका, मरता का?"
नाही.
असं नाही कळत ते.

परत येऊन टेबलाशी बसलो, घाम कागदावर.
आकडा टाकला नाही.
त्याचंच वाक्य घेतलं, त्याच्याच बोलीत.
डोकशाले.
ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, अडण्यासारखं काही नाही त्यात,
तरी हात थांबला,
कोणीतरी विचारेल म्हणून,
काय लिहू, साहेब.