राखीव

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर सतरा,
रात्रीचे पावणेदोन.
जकार्डचा कंट्रोलर पाच वेळा नीट उठतो.
सहाव्या वेळी मोराची मान
काठाबाहेर.

मालक म्हणतात, व्होल्टेज असेल.
सिद्राम म्हणतो, चिपच हलकी बे, टाक बदलून.
मी केबल लावून बसलेय,
बंद, चालू, बंद, चालू,
एक्केचाळीस वेळा.

फर्मवेअर सगळ्यांच्या आधी जागं होतं.
अंधारात चाचपून मोजतं
मेमरी किती, हूक किती,
कुठला हूक कुठल्या दोरीचा.
तक्त्यात लिहून एका कोपऱ्यात ठेवतं
आणि रात्रपाळीवाल्यासारखं निघून जातं,
न बोलता.

मग कर्नल येतो.
दर खेपेला वेगळ्या दारानं.
त्याला सगळी जागा मोकळीच दिसते,
आल्या आल्या पथारी पसरतो.
कधीतरी नेमका त्या तक्त्यावर,
वाचण्याआधीच.
वाईट हेतू नसतो त्याचा.
कुणी सांगितलेलंच नसतं.

आमचे नाना, राजेशम गुंडेटी,
साखर पेठेत ताणे सांधायचे.
बीम संपला तरी जुनी टोकं कापत नसत.
आधी काठी सरकवून सुतळीनं आवळायचे,
मग राखेच्या बोटांनी
नव्यातला एकेक धागा जुन्याला पिळायचे,
चोवीसशे.
मी जवळ गेले की ओरडायचे,
"हरिणी, काठीला हात नको! विसरेल सगळं."
कोण विसरेल, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वाजता ओळ सापडली.
होती, पण खाली होती,
जागावाटप सुरू झाल्यावर.
ती उचलून वर नेली:
इथून इथपर्यंत राखीव.
आत काय लिहिलंय ते नंतर बघू,
आधी कुणी बसू नका.

दोनशे वेळा उठवला.
दोनशे वेळा मोर काठाच्या आत.
मग मुद्दाम ती ओळ पुन्हा काढली,
चौथ्याच खेपेला मान बाहेर.
तेव्हा कुठं खात्री पटली.
ओळ परत घातली, चहा सांगितला.

ती बिघडलेली चादर मी घरी आणली.
नानांना आता दिसत नाही फारसं.
मांडीवर पसरून त्यांनी बोट फिरवलं,
काठापासून चार बोटांवर थांबले.
"इथं," म्हणाले,
"इथं कुणीतरी घाई केली."