आश्रित म्हणजे कोण

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मला लागून तीनच आठवडे झाले होते
आणि मालक म्हणाले, तुमचं बी.कॉम. आहे ना,
मग हे विम्याचं तुम्हीच बघा.
एकशे बारा माणसं, एक पॉलिसी,
चौऱ्याऐंशी पानं,
त्यातली पहिली तीन कंपनीनं स्वतःच्या कौतुकाला ठेवलेली.

पुण्याहून इनामदार नावाचे एजंट आले.
फळ्यावर चौकोन काढला,
चौकोनात नवरा, बायको, दोन मुलं.
म्हणाले, ही फॅमिली.
तीन लाख, चौघांत मिळून. ह्याला फ्लोटर म्हणतात.
मी वहीत लिहिलं :
एक चादर, चौघांनी ओढायची.
एकानं तंगड्या पसरल्या की बाकीचे उघडे.
इनामदारांनी वाकून वाचलं आणि म्हणाले,
खाली हेच सांगा, माझं नको.

रात्री आई सुपात पानं घेऊन कात्री चालवत होती
आणि मी शेजारी पॉलिसी पसरून.
काय वाचलालीस गं एवढं?
अम्मा, एकट्यानं विमा घेतला तर
जुन्या आजाराला वर्षानुवर्षं थांबावं लागतं.
सगळ्यांनी मिळून घेतला की पहिल्या दिवसापासून चालतं,
आजार आधीचा असला तरी.
कात्री थांबली नाही.
कुणाचा नसतो, ती म्हणाली, आधीचा.

मग शनिवारी, पाळी बदलताना,
गठ्ठ्यांवर बसलेल्या माणसांपुढे मी उभी राहिले.
माग बंद झाले तरी कानात खडखड चालूच,
म्हणून सगळे ओरडून बोलत होते, मीसुद्धा.
कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे!
खोलीचं भाडं दिवसाला तीन हजार, त्यावर गेलात
तर डॉक्टरच्या फीचाही हिस्सा तुमच्या खिशातून!
ईएसआयचा पाऊण टक्का तुमचा कापतात, सव्वातीन मालक भरतात!
थांबा मॅडम, बोल्ली उठले,
ते दवाखान्याचं कापतात?
अकरा वर्षं त्यांना वाटत होतं, चहाचं.
सगळे हसले. ते बसले.
बसल्यावर बोटांवर काहीतरी मोजत राहिले
आणि मला आठवलं, गेल्या साली त्यांच्या मुलीचं ऑपरेशन
गंठण मोडून झालं होतं.

फॉर्म वाटले.
रफिक बागवानला लहानपणी चाचीनं वाढवलं,
चाची चौकोनात बसेना.
तिला वारसाच्या रकान्यात बसवलं,
म्हणजे तो गेला तरच तिला काही मिळणार.
त्यानं सही केली आणि म्हणाला, तिला सांगू नका.
मल्लिनाथनं पेन खाली ठेवलं.
मॅडम, बायको शिलाईचं काम करते,
माझा पगार उशिरा आला की घर तीच चालवते.
मग इथं आश्रित कोण लिहू, ती का मी?
मी म्हटलं, विचारून सांगते.
इनामदारांचं उत्तर सोमवारी आलं, एका ओळीचं :
व्याख्या पान एकोणीसवर आहे.
होती. पण ह्या प्रश्नाची नव्हती.

एकशे अकरा फॉर्म जमा झाले, राहिला माझा.
आई-वडील घालायचे तर जादा हप्ता, आपल्या पगारातून.
वडिलांच्या पुढे रेघ मारली.
आईची जन्मतारीख आधारवर एक जानेवारी,
गल्लीतल्या अर्ध्या बायकांसारखी.
जुना आजार : मी खोकला लिहिलं.
आश्रित : होय की नाही.

हजार विड्या वळल्या की किती मिळतात, ते मला पाठ आहे.
माझी पहिल्या वर्षाची फी किती हजारांची, तेही.
होय लिहिल्याशिवाय तिला कार्ड मिळत नाही.

होय लिहिलं.
तिनं अंगठा पुढे केला.
सही येते की तुला, मी म्हटलं.
हात बघ, तंबाखूचे आहेत, ती म्हणाली,
कागद खराब होईल,
आणि धुवायला उठली.